प्रत्येक गाडीचं एक पान

२००३ च्या खंडेनवमीला कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या बाजूला भाड्यानं घेतलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये नट-बोल्टचे पाने, जॅक आणि एक जुना कॉम्प्रेसर मांडून पूजा केली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गॅरेज सुरू झालं. भांडवल म्हणजे बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मिळालेले पैसे आणि उद्यमनगरात वस्तादांच्या हाताखाली काढलेली १२ वर्षं. त्या दिवशी आणखी एक वस्तू आणली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानांची लांबडी वही. आज तशा १९ वह्या आहेत आणि आमची वाटचाल मला त्यांच्यावरूनच सांगता येते.

वस्ताद मोठा माणूस. फियाट, अँबेसिडर, वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, ट्रॅक्स, कारखान्याच्या जीपा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पद्मिनी गाडीच्या इंजिनाचं टायमिंग ते नुसतं कानानं लावायचे. पण गिऱ्हाइकाला ते काही सांगत नसत. "जुनं झालतं, बदललं," एवढंच. एकदा गारगोटीकडच्या एका शिक्षकांनी बिल हातात घेऊन विचारलं, "मिस्त्री, नक्की काय बदललं?" वस्ताद गप्प झाले. फसवणूक काहीच नव्हती, क्लच प्लेट मीच बदलली होती. पण तसं कुणी कधी विचारलंच नव्हतं. गुरुजींनी पैसे दिले आणि गेले. त्यांच्या चेहऱ्यावरची शंका मला कित्येक दिवस दिसत राहिली.

म्हणून स्वतःच्या गॅरेजात मी दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक गाडीला वहीत एक पान. तारीख, किलोमीटर, मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, आम्हाला काय सापडलं, काय बदललं, काय अजून चालेल पण लक्ष ठेवायला हवं. आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून डिकीत. मालकानं तो नंतर भंगारात टाकला तरी चालेल, पण आधी त्याच्या डोळ्यांखालून जायला हवा. झिजलेला ब्रेक पॅड आणि नवा पॅड शेजारी ठेवला की मला बोलावंच लागत नाही.

सुरुवातीची पानं मारुती ८०० आणि ओम्नीनं भरलेली आहेत. ८०० बाजारात आली १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. आमच्या भागातल्या कित्येक घरांत दाराशी आलेली पहिली चारचाकी तीच. मग इंडिका आली, सॅन्ट्रो आली, २००५ नंतर स्विफ्ट. गाडी बदलली की आम्हालाही शिकावं लागलं. कार्बोरेटर उघडून साफ करणाऱ्या हातांनी इंजेक्टरला हात लावताना पहिल्या वर्षी मला खरंच धास्ती वाटायची.

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की गॅरेजात दुरुस्तीपेक्षा सल्ल्याला येणारी माणसं जास्त. "दादा, कुठली गाडी घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगत नाही, उलट विचारतो. रोज किती किलोमीटर? गाडीत कायम किती माणसं? उभी कुठं राहणार, सावलीत की रस्त्यावर? महिन्यातून गगनबावडा, आंबा घाट किती वेळा? या चार उत्तरांतच बहुतेक गाडी ठरते.

डिझेलचंच घ्या. २०१२-१३ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलच्या दरात इतकं अंतर होतं की जो तो डिझेल म्हणायचा. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचे भाव बाजारावर सोडले, अंतर आटलं, पण लोकांच्या मनातलं गणित जुनंच राहिलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला. ती काजळी जळायला गाडी सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. आमचे एक निवृत्त गिऱ्हाईक. रोजची धाव घर, महाद्वार रोड, भाजी मंडई आणि परत. पाच किलोमीटरसुद्धा नाही. त्यांनी डिझेल गाडी घेतली आणि वर्षाच्या आत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायला लागला. मी त्यांना शेजारी बसवून हायवेनं कागलच्या पुढं नेऊन आणलं, दिवा गेला. महिन्याभरात परत लागला. गाडीत दोष नव्हता, ती त्यांच्या कामाची नव्हती. शेवटी विकून पेट्रोलची घेतली, दीडेक लाखाला खड्डा पडला. तेव्हापासून रोजचं रनिंग कमी असेल तर मी डिझेलला स्पष्ट नाही म्हणतो.

सीएनजीचा विचार असेल तर कंपनीनं बसवलेलं बरं. बाहेरून बसवलंच तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात दोन्हीकडं झालीच पाहिजे. आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी. ही तारीख मी वहीत लाल शाईनं लिहितो.

जुनी गाडी बघायला मी गिऱ्हाइकाबरोबर स्वतः जातो, एकच अट असते. मालकानं गाडी आधी सुरू करून ठेवायची नाही. गार इंजिन सगळं खरं सांगतं. नंतर दाराचं रबर ओढून आतला पत्रा बघायचा. कंपनीचे वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, ठोकलेल्या गाडीत तिथं लांबी, म्हणजे भरलेली पुट्टी, दिसते. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीला टायर तिच्याहून नवे असतील, तर ते का बदलले हे विचारायचं. कोल्हापूरला सीमा जवळ, त्यामुळं बेळगाव-निपाणीकडच्या केए, म्हणजे कर्नाटक, पासिंगच्या गाड्या आपल्याकडं स्वस्तात मिळतात. दिल्लीकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यावर तिकडच्याही आल्या. स्वस्त दिसतात खऱ्या, पण तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला (एनओसी), इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर, एवढं मिळवून मग किंमत बघा. बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर टोकन म्हणून एक रुपयासुद्धा देऊ नका.

आता ते पान सांगतो जे मी आजही उघडतो. २०११, पेट्रोलची एक लहान गाडी, मालक इचलकरंजीचे, सूत व्यापारी. टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याची, मुदत भरत आली होती. ते म्हणाले, "मागच्याच वर्षी दुसरीकडं बदललाय, तुम्ही नका काढू." बिल मागावं, कव्हर काढून बेल्ट बघावा, अर्ध्या तासाचं काम होतं. दिवाळीची गर्दी होती, मी विश्वास ठेवला. सोळा दिवसांनी हातकणंगल्याजवळ बेल्ट तुटला, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटले, हेड खोललं तेव्हा व्हॉल्व्ह वाकलेले. ते काहीच बोलले नाहीत, चूक त्यांचीही होती. पण बघण्याचं काम माझं होतं. मशीनिंग आणि व्हॉल्व्हचा खर्च मी घातला, त्यांनी बेल्ट आणि गॅस्केटचे पैसे दिले. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला: 'स्वतः पाहिलं का?' तिथं माझी किंवा गॅरेजात काम करणाऱ्या माझ्या भाच्याची सही लागते.

आणि मग २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, शहराची चारी बाजूंनी कोंडी. ५ ऑगस्टच्या रात्री नाल्याचं पाणी उलटं आत यायला लागलं तेव्हा आमच्याकडं सात गाड्या होत्या. पाच आम्ही ढकलत, ओढत वरच्या अंगाला नेल्या. दोन खोललेल्या होत्या, त्या राहिल्या. गाडीतला बिघाड कोडनं दाखवणारा स्कॅनर माळ्यावर टाकला. वह्या खालच्या कपाटात होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

आठ दिवसांनी शेड उघडलं तेव्हा माझ्या छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. पाने गंजले, कॉम्प्रेसर गेला. वह्या फुगून विटांसारख्या झाल्या होत्या. बायकोनं त्या घरी नेल्या. पंख्याखाली एकेक पान उलटत, दोन पानांमध्ये जुनं वर्तमानपत्र घालत तिनं तीन आठवडे काढले. शाईच्या वह्या गेल्या, बॉलपेनच्या वाचल्या. पहिल्या चार वह्यांतलं निम्मं आता वाचता येत नाही. भाच्यानं राहिलेल्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवले. ज्या दोन गाड्या बुडाल्या त्यांच्या मालकांनी आमच्याकडं एक रुपया मागितला नाही. एकानं उलट जेवणाचा डबा आणला होता.

पण त्या पंधरवड्यात शहरातली कितीतरी इंजिनं पुरानं नाही, किल्लीनं मेली. पाणी ओसरलं, माणूस आला, त्यानं गाडी सुरू करून बघितली. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर यायला बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही हजारांच्या साफसफाईवर भागलं असतं तिथं इंजिन बदलायची वेळ येते. पाण्यात उभी राहिलेली गाडी अजिबात सुरू करायची नाही. बॅटरीचं टर्मिनल काढायचं, फोटो घ्यायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि उचलून गॅरेजला न्यायची. आम्ही प्लग काढून आधी पाणी बाहेर घालवतो, ऑइल सोडतो. ऑइल दुधाच्या चहासारखं पांढरट आलं तर दोन-दोन वेळा बदलतो, आणि मगच हातानं इंजिन फिरवून बघतो.

त्या वर्षी लोकांना आणखी एक गोष्ट कळली. पुराचं नुकसान विम्यात बसतं, पण पाण्यात सुरू केल्यामुळं फुटलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. नदीकाठच्या, नाल्याकाठच्या माणसानं ते घ्यावं, असं मी हक्कानं सांगतो. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, २०१९ पेक्षाही वर. तोवर आमची सगळी कपाटं सहा फुटांवर गेली होती.

पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकल्या जातात. ओळखायच्या असतील तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. धुणारा तो शेवटपर्यंत ओढत नाही, तिथं गाळाची रेघ राहते. मग सीटखालचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा बघा.

विम्यावरून आठवलं. दाराला ओरखडा आला की लोक क्लेम टाकायला धावतात. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेमनं तो शून्यावर येतो. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी आठ हजार आहे. बोनस गेला तर पुढच्या वर्षी चार हजार जास्त, आणि पुढं परत २० टक्क्यांपासून सुरुवात. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये पहिले हजार रुपये, मोठ्या इंजिनला दोन हजार, आपल्याच खिशातून जातात. साडेतीन हजारांच्या पेंटिंगला क्लेम टाकू नका. धंदा आमचा कमी होतो, पण गणित हेच आहे.

गेली काही वर्षं भाचा बराच भार उचलतो. स्कॅनर तोच हाताळतो. कोड आला म्हणून लगेच पार्ट मागवायचा नाही, हे त्याला शिकवायला दोन वर्षं लागली. स्कॅनर मिश्रणात हवा जास्त झाल्याचं दाखवतो, माणूस सेन्सर बदलतो आणि दोष निघतो चिरलेल्या रबरी पाइपात. २०१६ मध्ये एका दुकानदाराकडून आम्हाला ओरिजनल म्हणून नकली ऑइल फिल्टर आले होते. ऑइलचा दिवा दोन गाड्यांत लागला तेव्हा कळलं. दोन्ही मालकांना स्वतः फोन केला, फुकट बदलून दिले. त्या दुकानाचा माल पुन्हा घेतला नाही. आता प्रत्येक खोक्याचा फोटो पानावर लावतो.

अलीकडं २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रश्न रोज येतो. विचारणारा बहुतेक वेळा ऊस उत्पादकच असतो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांची रबरं आणि सील त्या हिशेबानं केलेली आहेत. जुन्या गाडीत ॲव्हरेज थोडं उतरतं, ते इथेनॉलमध्ये ताकद कमी असल्यामुळं. मी एवढंच करतो की जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या प्रत्येक सर्व्हिसिंगला हात लावून बघतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका असंही सांगतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

गेल्या महिन्यात पहिल्या वहीतल्या सहाव्या पानावरची ८०० आली. २००३ चीच नोंदणी. १५ वर्षांनी पासिंग झालं २०१८ मध्ये, परत २०२३ मध्ये, आता मुदत २०२८ पर्यंत. घेतली होती ती एका बाईंनी, त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता त्यांचा नातू चालवतो. नवीन नंबरप्लेट लावून आणली होती. पान पुरानं निम्मं पुसलं आहे, पण भाच्याच्या मोबाईलमध्ये खालची नोंद वाचता येते: 'क्लच जड, बाईंना त्रास होतो, केबल बदलली.' नातवाला ती दाखवली. मग चालू वहीत त्याच गाडीचं नवं पान काढून तारीख घातली, किलोमीटर लिहिले आणि त्याला विचारलं, "बोल, काय तक्रार?"