बोलपटाला दोष देणारे नाटक आणि पेन ड्राइव्हवरचे गाणे

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत संगीत नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे मोडू लागली. बालगंधर्वांसारखा नटसुद्धा १९३५ साली ‘धर्मात्मा’ या चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. या पडझडीवर कुणीतरी एक चांगले संगीत नाटक लिहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. त्यामुळे नेमक्या याच विषयावरचे नवे नाटक मुंबईहून नागपुरात येणार असल्याचे कळताच मी परीक्षणांची वाट न पाहता तिकिटे काढली. नाटकाचे आणि संस्थेचे नाव येथे मुद्दामच देत नाही. प्रयोग अजून सुरू आहेत आणि माझी तक्रार एका संस्थेपुरती नाही.

कथानक चांगले आहे, हे आधीच सांगते. वऱ्हाड-खानदेशात फिरणारी एक मध्यम कुवतीची कंपनी, उतारवयाकडे झुकलेला तिचा स्त्रीपार्टी म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट, सावकाराला तोंड चुकवणारा मालक, विंगेत संहिता धरून उभे राहण्यात आयुष्य घालवलेला प्रॉम्प्टर आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला लागलेला बोलपटाचा तंबू. पहिल्या अंकात मालक नव्या यंत्राविरुद्ध एक लांबलचक भाषण करतो. डबीत भरून आणलेला आवाज जिवंत गळ्याची बरोबरी कधीच करू शकणार नाही, असा त्याचा एकूण सूर असतो आणि प्रेक्षागृहात त्यावर टाळ्याही पडल्या. अडचण एवढीच होती की त्या भाषणाच्या आधीची नांदी आणि नंतरचे प्रत्येक गाणे डबीत भरूनच आणलेले होते.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, अंगरखे घातलेले पाच नट हात जोडून उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकांतून निदान पंधरा जणांचा कोरस व्हायोलिनच्या ताफ्यासह ऐकू येऊ लागला. पाच जणांचे ओठ हलत होते, त्यांपैकी दोघांचे थोडे उशिरा. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी मान उंचावून रंगमंचाच्या डाव्या-उजव्या कडा तपासल्या आणि मला विचारले, “काहून हो, पेटीवाला कुठी बसवला?” मी उत्तर देण्याआधीच मागच्या रांगेतून एक तरुण आवाज आला, “पेटी पेन ड्राइव्हमंदी हाय, काका.” आजूबाजूचे हसले. मलाही हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही.

आता निर्मात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. मुंबईहून नागपूर आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. नेपथ्याचा ट्रक, नटसंच, तंत्रज्ञ, दोन रात्रींचा मुक्काम हे सगळे करून आमच्याकडे एक-दोन प्रयोग लावायचे आणि तिकिटाचा दर लोकांना परवडेल असा ठेवायचा, हा व्यवहार सोपा नाही. ऑर्गन, तबला, व्हायोलिन आणि बासरी वाजवणारी चार माणसे वाढली की खर्च वाढतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याच ट्रकमधून रंगमंचाची मागची बाजू व्यापणारा भलामोठा एलईडी पडदा आला होता. त्यावर नाटकभर चांदणे, पाऊस, आगगाडी आणि एकदा तर चक्क मोर नाचत होता. मोरासाठी पैसे होते आणि तबलजीसाठी नव्हते, असे म्हटल्यावर पैशाचा प्रश्न मिटतो आणि उरतो तो निवडीचा प्रश्न.

ध्वनिमुद्रित वाद्यमेळाला माझा सरसकट विरोध नाही. गळा नटाचा आणि त्या क्षणाचा असावा, एवढेच मागणे आहे. नट रंगमंचावर गातो तेव्हा त्याला प्रेक्षागृह ऐकू येत असते. एखाद्या जागेवर दाद आली की तो क्षणभर थांबतो, तीच जागा वेगळ्या वळणाने पुन्हा घेतो, संवादाच्या भरात दम लागला असेल तर ठेका धरून ठेवायला तबलजीकडे पाहतो. वन्स मोअरची प्रथा यातूनच आली आणि तिचा अतिरेकही यातूनच झाला, हे खरे. तरी प्रयोगाची लांबी प्रेक्षक आणि नट मिळून ठरवतात, ही गोष्ट संगीत नाटकाच्या रक्तातच होती. येथे गाणे चार मिनिटे वीस सेकंदांचे असेल तर ते तेवढेच चालणार. टाळ्या आल्या तरी तेवढेच आणि नट खोकला तरी तेवढेच. दुसऱ्या अंकात एक नट खरोखर खोकला. सूर मात्र स्वच्छ लागलेला राहिला.

या सगळ्याचा कडेलोट ज्या प्रसंगात झाला तो नाटकातला सर्वांत चांगला लिहिलेला प्रसंग आहे. कंपनीचा शेवटचा प्रयोग, समोर मोजकी माणसे, सावकाराने दुपारीच ऑर्गन उचलून नेलेला. स्त्रीपार्टी नट नऊवारी नेसून उभा आहे. मालक म्हणतो, “आता साथीला कोणी नाही.” त्यावर नट म्हणतो, “नसू दे, गळा आहे.” प्रेक्षागृहात एवढी शांतता होती की मागे कुणीतरी गोळीचा कागद सोडत होते तोही ऐकू आला. आणि मग ध्वनिक्षेपकांतून आधी बासरी आली, तिच्यामागून व्हायोलिन आली, आणि मंदसा तबलाही सुरू झाला. ऑर्गन हातचा गेलेल्या कंपनीत हा वाद्यवृंद कोठून आला, असा प्रश्न तालमीत कुणालाच कसा पडला नाही? लेखकाने जे चार शब्दांत उभे केले होते ते संगीत संयोजनाने चार सेकंदांत पाडले.

या नाटकाला बोलपटावर जो राग काढायचा आहे, तोही इतिहासाला धरून नाही. १९११ साली ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते आणि संगीतही त्यांचेच होते, म्हणजे नाटकातला माणूसच पडद्यावर गेला होता. शिवाय त्या काळात पार्श्वगायनाची सोय नव्हती. कॅमेऱ्यासमोर नट स्वतः गात आणि वादक चौकटीच्या बाहेर कोठेतरी आडोशाला बसून साथ करीत. नाटकातला मालक ज्या बोलपटाला जिवंत गळ्याचा शत्रू म्हणतो, त्या बोलपटातला नट गात होता आणि त्याला शिव्या देणाऱ्या आजच्या रंगमंचावरचा नट मात्र ओठ हलवत होता. हा विरोधाभास लेखक-दिग्दर्शकाने जाणूनबुजून वापरला असता, तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. तसे काही मनात असल्याची खूण मात्र शेवटपर्यंत सापडली नाही.

गाणी कोठे येतात, हा दुसरा मुद्दा. नाटकात बारा गाणी आहेत आणि बहुतेक गाणी एखादा प्रसंग संपल्यावर येतात: भांडण झाले की भांडणाचे गाणे, निरोप झाला की निरोपाचे. जे संवादात सांगून झाले तेच पुन्हा यमकात ऐकायचे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा पदांची संख्या याच्या कितीतरी पट होती. पण साकी, दिंडी, कामदा अशा चालींतली ती छोटी पदे संभाषणच पुढे नेत. एकाने पदात विचारावे आणि दुसऱ्याने पदात उत्तर द्यावे, असा तो मामला होता. पुढे पदे लांबली, मैफल रंगू लागली आणि नाटक पहाटेपर्यंत खेचले जाऊ लागले, हा दोष जुनाच आहे. तो दूर करायचा तर गाण्याला पुन्हा कथेचे काम द्यावे लागते.

नागपूरच्या प्रेक्षकाला हे कुणी शिकवायला नको. १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे आणि बसवणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आमचे. ‘रंजन कला मंदिर’ या नाट्यसंस्थेत त्यांनी नाटकाचे धडे दिले. ‘कट्यार’मध्ये खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे असले तरी गाणे शिकले ते नागपुरात. त्या नाटकातले गाणे काढून टाकले तर कथाच उरत नाही, कारण भांडणच मुळी गायकीवरून आहे. पंडितजींच्या शिष्याला खाँसाहेब गाणे द्यायला तयार नाहीत, आणि तो ते ऐकून-ऐकून चोरतो. त्याने काय चोरले, हे प्रेक्षकाला संवादातून कळत नाही. ते त्याच्या गळ्यातूनच ऐकावे लागते. जितेंद्र अभिषेकींच्या चाली म्हणूनच शोभेच्या ठरत नाहीत. तेथे ध्वनिमुद्रित गळा चालवून पाहा, नाटक पहिल्या पंधरा मिनिटांत कोसळेल.

आजच्या प्रेक्षकाला हे सगळे नको असते, असे एक उत्तर मध्यंतरात चहाच्या रांगेत ऐकू आले. २०१७ च्या ‘संगीत देवबाभळी’त दोन अभिनेत्री रंगमंचावर स्वतः गातात आणि ते नाटक तरुणांनीही गर्दी करून पाहिले. आणि फार लांब कशाला जायचे? दिवाळी झाली, धान घरात आले की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे इथल्या लोकनाटकांचा, हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथून मंडळ्या निघतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटक चालते. त्या नाटकांतला भडकपणा, मध्येच घुसवलेली लावणी, हशासाठी ताणलेले प्रवेश यांच्याबद्दल माझे आक्षेप आहेत आणि ते मी कधीतरी सविस्तर लिहीन. परंतु रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला घेऊन माणसे बसलेली असतात आणि नट चुकला तर ती त्याला सावरून घेतात. मंडपातल्या सतरंजीवर बसणाऱ्या प्रेक्षकाला जे मिळते ते शहरातल्या वातानुकूलित सभागृहात महागडे तिकीट काढून मिळू नये, हे मला पटत नाही.

या प्रयोगात एक क्षण मात्र खरा होता. पहिल्या अंकात स्त्रीपार्टी नट प्रयोगानंतर एकटाच लुगड्याची घडी घालत बसतो. एक टोक हनुवटीखाली दाबलेले, दुसरे हाताच्या लांबीवर ताणलेले, आणि घडी जुळत नाही म्हणून तो पुन्हा उलगडतो. हे करता करता तो स्वतःशीच दोन ओळी गुणगुणतो. त्या ओळी ट्रॅकवर नव्हत्या. आवाज किंचित बसका होता, वरचा षड्ज जेमतेम लागला आणि ‘घडी’वर त्याने घेतलेली छोटीशी मुरकी घडी चुकण्याच्या वैतागातून आली होती. शेजारचे काका “वा” म्हणाले. पूर्ण प्रयोगात त्यांनी दिलेली ती एकच दाद. प्रॉम्प्टरचे काम करणारे ज्येष्ठ नटही उत्तम आहेत. विशेषतः पाठ असलेली संहिता ते डोळे मिटून वाचतात, ते पाहण्यासारखे आहे. प्रकाशयोजनेबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, कारण एलईडीपुढे ती दिसलीच नाही.

म्हणजे त्या नटाला गाता येते, हे पहिल्या अंकातच सिद्ध झालेले आहे. बाकीची अकरा गाणी निर्मात्याच्या हिशेबात बसतील तशी राहू द्यावीत, त्यावर मी भांडत नाही. पण दुसऱ्या अंकात ऑर्गन हातचा गेल्यानंतरचे ते एक पद त्याने स्वतःच्या गळ्याने, विनासाथ, बसक्या आवाजात आणि लागेल त्या षड्जात म्हणावे. त्यासाठी ट्रकमध्ये जास्तीची जागा लागत नाही, कुणाचा मुक्काम वाढत नाही. ध्वनियंत्रणेवर बसलेल्या मुलाने त्या प्रवेशात एक बटण दाबायचे नाही, एवढेच काम आहे, आणि ते उद्याच्या प्रयोगापासूनही करता येईल.