कप्तानच पाण्यात पडला तर? आयोनियन समुद्रातील सहलीची पूर्वतयारी

ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात शिडाची नौका भाड्याने घेऊन आम्ही घरची मंडळी लेफकाडा बेटावरून निघालो, तेव्हा कप्तान मी होते. खलाशांशिवाय नौका देताना तेथे कप्तानाचे प्रमाणपत्र पाहतात आणि नौकानयनाची जाण असलेल्या आणखी एका व्यक्तीचे नाव मागतात. हे दुसरे नाव पुष्कळदा कागदापुरतेच राहते. माझ्या मते मात्र संकटकाळाची तयारी तेथूनच सुरू व्हायला हवी, कारण पाण्यात पडणारी किंवा शिडाच्या आडव्या दांड्याचा डोक्याला मार बसणारी व्यक्ती कप्तानही असू शकते.

प्रवास विम्यात नौकानयनाचा समावेश आहे का, हे आम्ही घरूनच लेखी विचारून घेतले आणि भाचीचे वजन कळवून तिच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आधीच मागवून ठेवले. नौका शनिवारी दुपारी ताब्यात मिळते. त्या वेळी धक्क्यावर सगळ्यांनाच निघण्याची घाई असते, पण तेथे वेळ द्यावाच, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही प्रत्येक कप्पा उघडायला लावला. जाकिटातील वायूची नळकांडी घट्ट बसली आहेत ना, संकटसूचक मशालींची मुदत उरली आहे ना, तळातील पाण्याच्या झडपा कोठे आहेत आणि त्या फुटल्यास ठोकायची लाकडी बुचे जवळ आहेत का, हे मी एकटीने न पाहता सर्वांनी हात लावून पाहिले. जीवरक्षक तराफा पाण्यात टाकण्यापूर्वी त्याचा दोर नौकेला बांधलेला असला पाहिजे, हेही तेव्हाच दाखवून घेतले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साचतो. म्हणून चहा झाला की सिलिंडरची झडप बंद करण्याची जबाबदारी वहिनींनी घेतली.

सर्वांत जास्त वेळ आम्ही रेडिओला दिला. मोबाइलवरून ग्रीक तटरक्षक दलाचा 108 हा क्रमांक लागतो, पण तो फोन एकाच ठिकाणी ऐकू जातो. रेडिओच्या 16 क्रमांकाच्या वाहिनीवरील हाक मात्र टप्प्यातील इतर नौकाही ऐकतात आणि अनेकदा त्याच सर्वांत आधी पोहोचू शकतात. झाकणाखालचे लाल बटण दाबून धरले की नौकेचा ओळख क्रमांक आणि जीपीएस जोडलेले असल्यास तिचे स्थानही आपोआप प्रसारित होते. त्यानंतर काय बोलायचे, हे मी देवनागरीत लिहून रेडिओशेजारी चिकटवले: ‘मेडे’ तीनदा, नौकेचे नाव, स्थान, काय घडले, कोणती मदत हवी आणि नौकेवर माणसे किती. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर ‘मेडे’ऐवजी ‘पॅन पॅन’ म्हणायचे. संच बंद ठेवून दादांनी आणि वहिनींनी तो मजकूर अडखळणे थांबेपर्यंत मोठ्याने वाचला.

मेगानिसी बेटाजवळ सकाळच्या मंद वाऱ्यात कप्तानच पाण्यात पडली असे मानून आम्ही फेंडरला, म्हणजे धक्का सोसण्यासाठी नौकेच्या कडेला लावायच्या फुग्याला, बादली बांधून ती पाण्यात टाकली आणि मी बाजूला गप्प बसले. पाच नॉट वेगाने जाणारी नौका मिनिटाभरात सुमारे दीडशे मीटर पुढे जाते, आणि लाटांमध्ये माणसाचे डोके त्याहून कमी अंतरावरही दिसेनासे होऊ शकते. त्यामुळे भाचीचे एकच काम ठरले: बादलीकडे बोट रोखून धरायचे आणि नजर हलवायची नाही. माझ्या पतींनी वारा जिकडून येत होता तिकडे नौकेचे तोंड वळवून ती थांबवली, पाण्यात एकही दोर लोंबत नाही याची खात्री केली आणि मगच इंजिन सुरू केले. बादलीजवळ पोहोचताच त्यांनी गिअर काढून घेतला, कारण पाण्यातील माणसाजवळ नौकेचा पाण्याखालचा पंखा फिरता कामा नये.

खरी कसोटी माणसाला वर घेण्याची असते. भिजलेले, दमलेले शरीर दोघांनाही उचलत नाही आणि लाटा असताना मागची शिडी वरखाली आपटत असल्याने तिच्याजवळ जाणे धोक्याचे ठरते. म्हणून नांगर टाकल्यावर मी स्वतः जाकीट घालून पाण्यात उतरले. शीड चढवण्याचा दोर बाकीच्यांनी माझ्या जाकिटाच्या कडीला अडकवला आणि विंचवर, म्हणजे दोर ओढण्याच्या हातरहाटावर, फिरवून मला वर घेतले. पहिल्या वेळी दोर भलत्याच खुंटीवरून गेला होता, म्हणून आम्ही तो सराव पुन्हा केला.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘इयानोस’ वादळाने केफालोनिया, इथाका आणि झाकिंथोस या बेटांना झोडपले होते. त्यामुळे रोज सकाळी अंदाज पाहून त्या दिवशीचे आसऱ्याचे बंदर ठरवायचे आणि ते नकाशावर प्रत्येकाला दाखवायचे, असा आम्ही नियम केला. दुपारी वायव्येचा ‘माइस्ट्रो’ वारा जोर धरण्यापूर्वी इथाकाकडे निघालो, तेव्हा सुकाणू माझ्या पतींच्या हाती होते आणि वळायचे बंदर कोणते, हे भाचीलाही सांगता येत होते.