तीनशे टक्के पुरुष

सीएस-१ च्या, म्हणजे ॲक्च्युअरी (विम्याचं गणित मांडणारी) होण्याच्या परीक्षेतल्या संख्याशास्त्राच्या पेपरच्या, तयारीत एक गणित वेगवेगळ्या वेषांत भेटतं. पुरुषांच्या १०० गाड्यांमागे १२ क्लेम, बायकांच्या १०० मागे ८, सगळ्या मिळून ११. तर पुरुष किती टक्के? ११ उणे ८, भागिले ४, म्हणजे ७५ टक्के. हे मला झोपेत उठवून विचारलं तरी जमतं. त्या दिवशी विमा कंपनीतल्या माझ्या ऑफिसात तेच नडलं.

मार्केटिंगला महिलांसाठी सवलतीची कार पॉलिसी काढायची होती. युरोपीय संघात हे जमलं नसतं. तिथल्या न्यायालयाच्या २०११ च्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या करारांत स्त्री-पुरुष म्हणून वेगळा हप्ता लावता येत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या सीसीवरून. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर मात्र २००७ पासून कंपन्यांच्या हातात आले. "आधी आपला डेटा काय म्हणतो ते बघ," मॅडम म्हणाल्या.

डेटा काही म्हणतच नव्हता. लिंगाचा रकाना बऱ्याच ओळींत कोरा. भरलेल्या ओळींत १०० वाहन-वर्षांमागे (एक गाडी वर्षभर विम्याखाली, म्हणजे एक वाहन-वर्ष) पुरुषांचे ६ क्लेम, बायकांचे ५ (आकडे मी बदललेत, गंमत तीच आहे). कोऱ्या ओळींत ८. घातलं सूत्र: ८ उणे ५, भागिले १. तीनशे टक्के पुरुष.

सरासरी दोन टोकांच्या बाहेर जात नाही, एवढं शाळेतच शिकलेय. आधी एक्स्पोजरवर, म्हणजे गाडी किती काळ विम्याखाली होती या हिशेबावर, संशय घेतला. ऑक्टोबरात सुरू झालेली पॉलिसी मार्चअखेर अर्धं वर्षच धरायची. ते नीट धरलं होतं. मग आर या संगणकभाषेतल्या कोडला हात लावला आणि लिंग नावावरूनच ओळखायला नावापुढच्या संबोधनाचं पहिलं इंग्रजी अक्षर एम असेल तर पुरुष, असं लिहून टाकलं. मिस्टर, मिसेस, मिस, मेसर्स: सगळ्यांचं पहिलं अक्षर एमच! पाच मिनिटं आमच्या पोर्टफोलिओत एखाददुसरे डॉक्टर सोडले तर पुरुषच पुरुष होते. मग नावात 'राव' शोधला, तर कुठल्याशा सुमन बाबुराव पुरुष झाल्या. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं हे मी, मराठी बाई, विसरले होते. किरण आणि शशी यांच्याबद्दल तर न बोललेलंच बरं.

शेवटी कोड बंद करून पन्नासेक कोऱ्या ओळी एकेक करून वाचल्या, आणि उत्तर समोरच होतं: मेसर्स अमुक, मेसर्स तमुक. कंपन्यांच्या गाड्या. कंपनीला लिंग कुठून असणार? त्या ओळी खऱ्या अर्थाने कोऱ्या नव्हत्याच. आज हा ड्रायव्हर, उद्या तो, किलोमीटर भरपूर. ८ काय, १० क्लेम आले असते तरी नवल नव्हतं. सूत्राने दोनच गट धरले होते आणि माझ्याकडे तीन होते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "आणि बायकांच्या त्या ५ मध्ये गाडी चालवतं कोण गं? माझी गाडी माझ्या नावावर आहे, चालवतो मुलगा." आमच्या रकान्यात मालकाचं लिंग होतं, चालवणाऱ्याचं नव्हे. हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता.

संध्याकाळी चार रकाने करून फाइल पाठवली: पुरुष, स्त्री, संस्था, माहीत नाही. वर ठळक टीप, 'मालकावरून. चालकाची माहिती नाही.' दहा मिनिटांत मार्केटिंगचं उत्तर आलं. छान आहे, फक्त तो चौथा रकाना स्त्री-पुरुषांत निम्मा-निम्मा वाटून टाकाल का?