कमिट झालं, पण नोंद गायब

तक्रार गोदामाकडून आली. सिस्टिममध्ये साठा कमी दिसतोय, माल मात्र जागेवरच आहे. ज्या ऑर्डरसाठी तो वजा झाला, तिच्यात ती वस्तूच नाही.

ऑर्डर, ऑर्डरमधल्या वस्तू, साठा आणि साठ्याच्या हालचाली ही चार टेबलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट व्हायची. कमिट, म्हणजे बदल कायम करणं, झालं तर चारही बदलायची, नाहीतर एकही नाही. इथे शेवटची दोन बदलली होती, पहिली दोन नाही. ट्रान्झॅक्शनवरचा विश्वासच डळमळावा असा प्रकार, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून मी याच्याच मागे लागले.

डेटाबेस मायएसक्यूएल. पहिला संशय आला तो एखादं टेबल मायआयसॅम या जुन्या साठवण-प्रकाराचं तर नाही ना, कारण त्याला रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेणं, लागूच होत नाही. पण चारही टेबलं ट्रान्झॅक्शन पाळणाऱ्या इनोडीबी प्रकाराचीच निघाली. मग ॲप्लिकेशनचा लॉग उघडला. साठा वजा झाल्याच्या प्रत्येक संशयास्पद वेळेच्या किंचित आधी एक साधी 'वॉर्निंग' पडली होती. आत एरर नंबर १२१३, म्हणजे डेडलॉक: दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट पाहत अडकणं.

दोन टर्मिनल उघडून टेस्ट डेटाबेसवर तेच घडवून पाहिलं. दोन्हीकडे ट्रान्झॅक्शन सुरू केलं आणि एकाच ऑर्डरमध्ये एकेक वस्तू इन्सर्ट केली. दोन्ही इन्सर्ट विनातक्रार झाले. इथेच खरी गोम होती. फॉरेन की, म्हणजे उल्लेखलेली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच असायला हवी हा नियम, तपासताना इनोडीबी पालक ऑर्डरच्या रोवर शेअर्ड लॉक घेतं, आणि शेअर्ड लॉक दोघांनाही एकाच वेळी मिळतो. मग पहिल्या टर्मिनलवर ऑर्डरची एकूण रक्कम अपडेट करायला घेतली. कर्सर थांबून राहिला, कारण आता एक्सक्लूझिव्ह लॉक, म्हणजे एकट्याचाच ताबा, हवा होता आणि दुसऱ्याचा शेअर्ड लॉक सुटलेला नव्हता. दुसरीकडे तेच अपडेट चालवताच १२१३ आली. दोघं एकमेकांसाठी अडलेले, म्हणून इनोडीबीने एकाचा बळी दिला.

डेडलॉक होतात, त्यात भयंकर काही नाही. भयंकर होतं ते पुढचं. १२१३ आल्यावर फक्त ते एक अपडेट नव्हे, अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं. कोडमधला एरर पकडणारा कॅच ब्लॉक मात्र एरर लॉगमध्ये लिहून पुढे जात होता. ट्रान्झॅक्शन आधीच संपलेलं असल्यामुळे ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल लगेच कायम होणं, पुन्हा चालू झालेलं. साठ्याचं अपडेट आणि हालचालीची नोंद, दोन्ही एकेकटी कायमची लिहिली जात. शेवटच्या कमिटला कमिट करण्यासारखं काही उरतच नसे, तरी ते निमूटपणे पार पडे आणि स्क्रीनवर 'यशस्वी' झळके. समोरचा माणूस त्या शब्दावर विसंबून पुढच्या कामाला लागे, याचा मला मनापासून राग आला.

दुरुस्ती छोटी होती. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीलाच ऑर्डरचा रो 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरायचा, म्हणजे दुसरा गुपचूप रांगेत थांबतो. एरर आली तर रोलबॅक करून ती वर फेकायची, आणि १२१३ असेल तर सगळं ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवायचं. नुसतं अडलेलं स्टेटमेंट पुन्हा चालवून भागत नाही, हे टीमला टर्मिनलवरच दाखवलं.

हरवलेल्या नोंदी परत आणायला वेळ लागला. हालचालींच्या टेबलात वस्तू-नोंदीचा आयडी, माल आणि नग लिहिलेले होते. लेफ्ट जॉइनने दोन टेबलं जोडून पोरक्या नोंदी, म्हणजे ज्यांची वस्तू-नोंदच नाही अशा, काढल्या. वस्तूंच्या टेबलात नेमके तेच आयडी गाळलेले होते, कारण रोलबॅक झाला तरी ऑटो इन्क्रिमेंटचा, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या आयडीचा, वापरलेला आकडा परत मिळत नाही. गोदामाच्या लोकांसोबत बसून ऑर्डरगणिक ठरवलं: माल जायला हवा होता तिथे वस्तू पुन्हा घातली आणि रक्कम सुधारली, बाकी ठिकाणी साठा परत केला आणि पोरकी नोंद वेगळ्या टेबलात हलवली.

हालचालींच्या टेबलावर फॉरेन कीच नव्हती. असती, तर पोरकी नोंद घालताना पहिल्याच दिवशी १४५२ ही फॉरेन की मोडल्याची एरर आली असती. ती लावायला गेले तर मायएसक्यूएलने नकार दिला. एक पोरकी नोंद अजून शिल्लक होती. ती निस्तरून पुन्हा चालवलं, तेव्हा की बसली.