जळगाव ते पाटणादेवी: संशोधकांसोबत दोन दिवस

धुळ्याहून पहाटेची एसटी धरली. बांभोरीचा गिरणा पूल ओलांडला तेव्हा नदीवर अजून धुकं होतं. मी वनस्पतीशास्त्रात पीएचडी करते आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, कॉलेजात शिकवते. जळगावच्या मित्रमैत्रिणींनी खान्देशातल्या चाळीसेक संशोधकांना दोन दिवसांसाठी बोलावलं होतं. संशोधनावर घर कसं चालवायचं आणि त्या संशोधनाचं आपल्या माणसांना काय, हे दोनच विषय होते. पहिला दिवस जळगावात चर्चेचा, दुसरा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या मंदिरातला जुना शिलालेख बघण्याचा.

सुरुवात अवघडल्यासारखी झाली. गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक, समोर बसलेले असताना कोणता विद्यार्थी तोंड उघडेल? दुपारी आयोजकांनी गाइड मंडळींना वेगळ्या खोलीत बसवलं आणि मग बांध फुटला. जेआरएफची, म्हणजे संशोधकांना मिळणाऱ्या कनिष्ठ फेलोशिपची, रक्कम 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपला, 42,000. कागदावर आकडा बरा आहे, पण तो महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही. नंदुरबारकडच्या एका मुलाने पासबुक उघडून दाखवलं: सात महिने पान कोरं, मग एकदम सगळी रक्कम. मधले सात महिने तो मेहुण्याच्या मोबाइल दुकानात बसत होता. माझीही फेलोशिप एकदा अशीच अडकली होती. तेव्हा मी रसायनांचं बिल आईच्या भिशीतून भरलं. ज्यांना फेलोशिपच नाही ते सीएचबीवर, म्हणजे शिकवलेल्या तासांचेच पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी काय सांगायचं, हा प्रश्न त्या खोलीत तीनदा आला आणि तिन्ही वेळा विचारणारी मुलगी होती.

अशी बैठक कुणी घेणार असेल तर सांगते: हा वेगळ्या खोलीतला तास ठेवाच, आणि तो जेवणानंतर ठेवा. पुष्पगुच्छ आणि सत्कार काढून टाका, त्यातच पाऊण तास जातो. खुर्च्या गोल मांडा. शेतकऱ्यांना समारोपाला नाही, पहिल्या सत्रात बोलवा. आमच्याकडे ते चार वाजता आले, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं.

रावेरकडच्या एका काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून केळीचं पान आणलं होतं. शिरांना धरून पिवळे पट्टे, कडा आत वळलेल्या. त्यांच्याकडे याला हरण्या म्हणतात, आमच्या भाषेत कुकुंबर मोझॅक व्हायरस. विषाणूंवर काम करणाऱ्या ताईंनी नीट समजावलं: मावा ही कीड हा रोग पसरवते. काकडी-भोपळ्याचे वेल, मिरची, टोमॅटो आणि बांधावरचं तण त्याला आसरा देतात. एकदा झाडाला रोग लागला की औषध नाही, उपटून गाडायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठाऊक हाये ताई. पन रोप घेतानाच ते निरोगी हाये, हे मले कोन सांगीन?"

ताईंनी वही उघडून तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. त्यांचे संशोधनाचे पेपर पानावर लक्षणं दिसल्यानंतरच्या अवस्थेवर आहेत. रोपवाटिकेच्या दारात, शेतकऱ्याला परवडेल अशी तपासणी हा वेगळाच प्रश्न आहे, आणि त्यात दोन-तीन वर्षं घातली तर तेवढ्या काळात पेपर कमी होणार. नोकरीच्या मुलाखतीला गुण पेपरांचे मोजतात. दुपारचा पोटाचा विषय आणि संध्याकाळचा समाजाचा विषय एकच आहे, हे मला त्या पानाकडे बघताना पटलं.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने चाळीसगाव. स्टेशनबाहेर जीप येण्या-जाण्याची ठरवूनच घ्या, कारण परतीला पाटणादेवीहून वाहन मिळण्याचा भरवसा नाही. अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास, पुढे गौताळा अभयारण्याचं जंगल. पाणी आणि डबा सोबत हवा, मंदिरातल्या उजेडासाठी टॉर्चही. शिलालेखावर हळद, खडू काही घासू नका, हात फिरवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे, एप्रिल-मे मध्ये तिथला दगड भाजतो. थंडीत आलात तर जळगावात कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ नका.

शिलालेख 1207 चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. 1865 मध्ये संशोधक भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि मी गेले होते त्याच्यासाठीच. पाटणच्या बाजारात माल विकायला उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाकडे जाणारा हिस्सा मठाला दिला, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे गणित शिकवणाऱ्याच्या ताटात बाजारहाट करणाऱ्या माणसाचा पैसा येत होता, आणि तसं दगडावर कोरून ठेवलं होतं.

फुलं विकणाऱ्या एका आजींनी आम्हाला काय वाचताय म्हणून विचारलं. आमच्यातल्या एकाने अहिराणीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आते तुमले कोन देस?" पासबुकवाला मुलगा त्यांच्याजवळ बसला आणि बराच वेळ सांगत राहिला. आजी मधेमधे हार ओवत ऐकत होत्या.

पुढची बैठक कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या त्या हंगामातल्या, लागवडीआधी, रावेरला, काकांच्या मळ्यातच ठरली आहे. येणाऱ्यांनी पीपीटी आणू नये. पानांचे नमुने आणायचे तर प्रत्येक झाडाचं पान वेगळ्या कागदात, वर गाव आणि तारीख लिहून. आम्ही जीपने साडेचारला निघालो. त्याहून उशीर करू नका, घाटाखालच्या रस्त्यावर अंधार लवकर पडतो.