दहा ओळी, एकच गोलंदाज

समालोचन कक्षात समालोचकांच्या मागे एक टेबल असतं. तिथे बसून मी हाताने स्कोर लिहितो. आता सगळं संगणकावर येतं हे खरं, पण समालोचकाने मान वळवून ‘याची या टोकाकडून कितवी ओव्हर?’ असं विचारलं, की उत्तर कागदावरच लवकर सापडतं. मुंबईत भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या चिखलात, ताडपत्रीखाली वही धरून हे शिकलो. ४ डिसेंबर २०२१ला, शनिवारी, वानखेडेवर न्यूझीलंडचा फिरकीपटू एजाज पटेलच्या नावापुढे जे लिहायला मिळालं, त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

भारत-न्यूझीलंड मालिकेतली ही दुसरी कसोटी. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचं दुसरं पर्व नुकतंच सुरू झालं होतं. जूनमध्ये साउदॅम्प्टनला भारताला आठ गडी राखून हरवून न्यूझीलंडने पहिली गदा नेली होती, म्हणजे समोर जगज्जेता संघ होता. कानपूरची पहिली कसोटी न्यूझीलंडच्या रचिन रवींद्र आणि एजाज पटेल या शेवटच्या जोडीने खिंड लढवून वाचवली, आणि दोन्ही संघांना चार-चार गुण मिळाले. मुंबईत जिंकणाऱ्याला बारा गुण होते. करोनाच्या नियमांमुळे स्टेडियममध्ये पाव क्षमतेइतकेच प्रेक्षक होते. शुक्रवारी अवकाळी पावसामुळे मैदान ओलं होतं, त्यामुळे पहिला चेंडू पडायलाच दुपारचे बारा वाजले.

मयंक अगरवाल आणि शुभमन गिलने ८० धावांची सलामी दिली. मग त्याच ८० वर तीन विकेट पडल्या : गिल, पुजारा, कोहली. पुजारा आणि कोहली शून्यावर. कोहलीच्या पायचीतवर चेंडू आधी बॅटला लागला की पॅडला, यावरून आमच्या कक्षात बराच वेळ वाद चालला. संध्याकाळी ४ बाद २२१ लिहून वही मिटली तेव्हा चारही विकेट एजाजच्या होत्या. तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही. मुंबईची खेळपट्टी, डावखुरा फिरकीपटू, पहिल्या दिवशी चार विकेट. हे वानखेडेवर आम्ही पाहिलेलं आहे.

शनिवारी सकाळी मात्र सुरुवातीलाच साहा पायचीत, आणि पुढच्याच चेंडूवर अश्विन त्रिफळाचित. अश्विनला आधी कळलंच नाही की दांडी उडाली आहे, त्याने रिव्ह्यूची खूण केली. हॅटट्रिक अक्षर पटेलने होऊ दिली नाही. ६ बाद २२४. आणि सहाच्या सहा एकाच्या नावावर.

धावफलक वाचताना बहुतेकांची नजर धावांच्या रकान्यावरून खाली जाते. स्कोररची नजर गोलंदाजाच्या रकान्यावर असते, कारण ताळा तिथून सुरू होतो. त्या रकान्यात मी सहाव्यांदा तेच नाव लिहिलं. शेजारी लॅपटॉपवर नोंदी करणारा मुलगा हळूच म्हणाला, “काका, हे कुठवर जाणार?” मी म्हटलं, “तू ओव्हर मोज.”

गोलंदाजीच्या तक्त्यात प्रत्येकाला एक आडवी ओळ असते. एका ओव्हरचा एक चौकोन, त्यात सहा चेंडू. निर्धाव ओव्हर गेली की सहा टिंबं जोडून एम काढायचा. एजाजची ओळ केव्हाच संपली होती. खालची कोरी ओळ त्याला देऊन मी बाणाने जोडली होती, आणि तीही भरत आली होती. एका टोकाकडून तो टाकतच होता. थकल्याची खूण म्हणाल तर एकच, रन-अपकडे परतताना तो बाहीने कपाळ पुसायचा. दुसऱ्या टोकाकडून ऑफस्पिनर सोमरविलला १९ ओव्हरांत ८० धावा पडल्या, विकेट एकही नाही. त्याच खेळपट्टीवर, त्याच चेंडूने. खेळपट्टीने दिल्या म्हणणाऱ्यांनी या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच मयंक १५० वर झेलबाद झाला. ३११ चेंडू, १७ चौकार, ४ षटकार; दुसऱ्या कुठल्याही दिवशी ही खेळी मथळा झाली असती. सातवी विकेट. मग ५२ वर अक्षर पायचीत. या नोंदीपाशी मी क्षणभर थांबलो. दोघेही ए. पटेल! नियमाप्रमाणे आद्याक्षर आणि आडनाव लिहिलं असतं तर ओळ झाली असती : ए. पटेल पायचीत गो. ए. पटेल ५२. मी दोघांची पूर्ण नावं लिहिली. वीस वर्षांनी कुणी ती वही उघडली तर त्याला कोडं पडू नये.

आठ झाल्यावर मी चिठ्ठ्या तयार केल्या, माझं कामच ते. एकीवर लिहिलं : जिम लेकर, ओल्ड ट्रॅफर्ड, १९५६, ५३ धावांत १०. दुसरीवर : अनिल कुंबळे, दिल्ली, १९९९, ७४ धावांत १०. लेकरच्या दहा विकेट सामन्याच्या तिसऱ्या डावात, कुंबळेच्या चौथ्या. शिवाय दोघेही आपापल्या देशात. पहिल्या डावात, तेही परक्या देशात, हे कुणीच केलं नव्हतं. आता परका देश म्हणायचा का, हा प्रश्न होताच. एजाजचा जन्म मुंबईचा, आई-वडिलांबरोबर तो न्यूझीलंडला गेला तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि जोगेश्वरीतलं घर कुटुंबाने ठेवलेलं. न्यूझीलंडमध्ये तो आधी डावखुरा जलदगती गोलंदाज होता, विशीत फिरकीकडे वळला. तिसऱ्या चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं : ‘मुंबईत जन्मलेला’. समालोचकाने ती वाचून नुसती मान हलवली.

कुंबळेच्या वेळी दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी करणारा श्रीनाथ शेवटी स्टंपांपासून लांब चेंडू टाकत होता, दहावी विकेट कुंबळेलाच मिळावी म्हणून. तोच श्रीनाथ वानखेडेवर सामनाधिकारी होता. त्या दिवशी दिल्लीच्या कोटला मैदानावर क्षेत्ररक्षण करणारा द्रविड इथे भारताचा प्रशिक्षक. माझ्या धंद्यात असे योगायोग टिपायला मिळणं ही मोठी कमाई.

३२१ वर जयंत यादवचा झेल रचिनने घेतला. नऊ. आता भीती फक्त धावबादची. सिराजने एक चेंडू उंच मारला आणि खाली पुन्हा रचिनच. कानपूरला ज्याच्या साथीने एजाजने सामना वाचवला होता, त्याच्याच हातात दहावा झेल. ३२५ सर्वबाद. भारतीय ड्रेसिंग रूम उभी राहून टाळ्या वाजवत होती, थोडेच असलेले प्रेक्षकही. आमच्या कक्षात माइक चालू होते, म्हणून आवाज न करता सगळे उभे राहिले. मी बसूनच होतो, कारण ताळा राहिला होता.

फलंदाजांच्या धावांची बेरीज ३०७. गोलंदाजांनी दिलेल्या धावा : साउदी ४३, जेमिसन ३६, एजाज ११९, सोमरविल ८०, रचिन २०, मिचेल ९. बेरीज ३०७. म्हणजे वाइड नाही, नो-बॉल नाही. बाय आणि लेगबाय मिळून १८. एकूण ३२५. षटकं १०९.५, त्यांतली ४७.५ एकट्या एजाजची, १२ निर्धाव. ताळा एका फटक्यात जुळला, तेव्हा मी पेन ठेवून मनापासून टाळ्या वाजवल्या.

पेन फार वेळ खाली राहिलं नाही. न्यूझीलंड ६२ वर सर्वबाद. अश्विनने ८ धावांत ४ घेतल्या, सिराजने वरची फळी उडवली. त्या एका दिवसात १६ विकेट लिहिल्या. सोमवारी भारत ३७२ धावांनी जिंकला. दुसऱ्या डावातल्या चार धरून एजाजच्या २२५ धावांत १४ विकेट झाल्या. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला धावफलकाची प्रत भेट दिली आणि त्याने चेंडू त्यांच्या संग्रहालयासाठी दिला.

गुणतालिकेत भारताला १२, न्यूझीलंडला ०. अजिंक्यपदाचा हिशेब असाच असतो आणि असावाही. गुण संघालाच मिळायला हवेत. पण त्याच महिन्यात बांगलादेशविरुद्ध मायदेशातल्या मालिकेसाठी न्यूझीलंडचा संघ जाहीर झाला आणि त्यात एजाज नव्हता. तिकडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर फिरकीपटूला काम नाही, हे कारण मला कळतं. साउदॅम्प्टनच्या अंतिम सामन्यातही त्याला अकरांत घेतलं नव्हतंच. तरी ती यादी वाचून मला फार वाईट वाटलं, आणि अजूनही तो निर्णय पटत नाही.

नोव्हेंबर २०२४ला तो पुन्हा वानखेडेवर आला. त्याच टेबलावर मी पुन्हा त्याच्या ओळी भरल्या : पहिल्या डावात पाच, दुसऱ्यात सहा. १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ वर संपला, न्यूझीलंड २५ धावांनी जिंकलं, मालिका ३-० झाली आणि भारत गुणतालिकेतल्या पहिल्या जागेवरून खाली घसरला. या वेळी बारा गुण त्याच्या संघाचे होते. वानखेडेवर दोन कसोटींत २५ विकेट. भारतातल्या एकाच मैदानावर परदेशी गोलंदाजाने इतक्या विकेट घेतल्याची दुसरी नोंद नाही, आणि ती चिठ्ठी पुढे सरकवताना मला काही शोधावं लागलं नाही.