आधी दार लावून घेतलं

डिसेंबरात गावी आलो की दोन दिवसांत मळ्यात भरीत ठरलेलं. यंदाही पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी पडली, आप्पा बाजेवर टेकले, बापू वांगी फिरवायला बसला आणि मी धूर खायला. जाळाकडे बघता बघता सहज बोलून गेलो, "मागच्या फेब्रुवारीत आमच्या समोरचं घर जळलं." बोललो आणि फसलो. वांगी सोलून, ठेचून, कळण्याच्या पुऱ्या येईपर्यंत मला ती गोष्ट तीनदा सांगावी लागली. चौथ्यांदा इथे लिहितोय.

आम्ही राहतो ते पेनसिल्व्हेनियातलं लहानसं गाव. घरं बाहेरून बंगल्यासारखी दिसतात, पण आत सगळी लाकडाची चौकट आणि त्यावर जिप्समच्या पाट्या. "एवढा श्रीमंत देश अन् लाकडाची घरं?" हा आप्पांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न बंब किती वेळात आला, हा. सात-आठ मिनिटांत आला. आणि त्यावर आलेली माणसं पगारी नव्हती. एक प्लंबर, एक शाळेत शिकवणारा. तिकडे बंबावर जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक असे स्वयंसेवकच असतात. रात्री दोनला पेजर वाजतो आणि प्लंबर अंथरुणातून उठून बंबावर चढतो.

पण खरी गोष्ट बंब यायच्या आधीची. आग लागली खालच्या बैठकीत, मागच्या बाजूला. घरातल्या आजीबाई अंगावरच्या गाऊनवर बाहेर पळत आल्या, दार तसंच सताड उघडं. आजोबा वरच्या मजल्यावर झोपलेले. मी बूट शोधत होतो तोवर आमच्या शेजारचा गॅरेजवाला, तोही त्याच स्वयंसेवकांतला, चपलांवरच रस्ता ओलांडून गेला आणि त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर ते पुढचं दार ओढून लावून घेतलं.

इथे आप्पा बाजेवर उठून बसले. "माणूस आत, अन् दार लाई लिधं?"

मलाही त्या क्षणी तसंच वाटलं होतं. वाटलं, हा वेडा आहे का. आपल्याकडे आग लागली की आरडाओरडा होतो तो "दारं उघडा, खिडक्या फोडा, धूर जाऊ द्या" असा.

बंब आल्यावरही मला काही कळेना. दोघं नळी पसरत होते, पण जो मुख्य होता तो पाण्याचं काम बाजूला ठेवून हातात बॅटरी घेऊन घराला प्रदक्षिणा घालायला निघाला. उणे दहा तापमान, आजीबाई रडताहेत, आणि हा फेरी मारतोय! नंतर कळलं की त्या एका फेरीवर पुढचं सगळं अवलंबून असतं. आग नेमकी कुठल्या खोलीत, धूर कुठून जोरात निघतोय, मागे तळघराचं दार आहे का, माणूस कुठल्या खिडकीत असेल. पुढून सरळ घुसलं आणि आग पायाखालच्या तळघरात निघाली तर जमीन खचून माणूसच आगीत पडतो.

फेरी संपवून तो परत आला आणि नळीवाल्याला मागच्या फुटलेल्या खिडकीशी नेलं. बाहेर उभं राहूनच, सरळ धार, आत छताकडे. जेमतेम वीस सेकंद. आणि बंद. मी म्हटलं, पाणी संपलं वाटतं. संपलं नव्हतं, पण त्याचा हिशोब चालू होता. बंबात साधारण 500 गॅलन, म्हणजे 1900 लिटरच पाणी असतं. ती नळी मिनिटाला 550 लिटरच्या आसपास ओकते. म्हणजे साडेतीन मिनिटांत टाकी रिकामी. तोवर दुसऱ्याने रस्त्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळाला, जाड नळी जोडलेली पाहिजे.

छतावर धार का? आगीच्या खोलीत वरच्या थरातला धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. तो पाचशे-सहाशे अंशांवर गेला की सोफा, पडदे, गालिचा सगळं एकदम पेट घेतं. छताला आदळलेलं पाणी तुटून खाली पडतं, आणि पाण्याची वाफ होताना ते खूप उष्णता ओढून घेतं आणि सुमारे 1700 पट फुगतं. उष्णता अशी गेली की खोली थंडावते. मात्र धार सरळ हवी. फवारा मारला तर तो खिडकी झाकतो, वाफ-धुराला बाहेर यायला वाट उरत नाही.

मग दोघं नळी घेऊन आत गेले. पाठीवरच्या बाटलीत साधी दाबलेली हवा असते, ऑक्सिजन नव्हे. बापूने मुद्दाम विचारलं म्हणून सांगतो. आणि दोघं आत तर दोघं तयारीने बाहेर उभे, असा नियम. तेवढ्यात बाजूने शिडी लागली आणि एक जण वरच्या खिडकीतून आजोबांच्या खोलीत उतरला. तो आत शिरताच आधी जिन्याकडच्या दाराशी गेला, ते बंद असल्याची खात्री केली, मगच पलंग चाचपला. आजोबांना टीव्हीचा आवाज सहन होत नाही म्हणून ते दार लावून झोपतात. त्या सवयीने ते जगले. खोलीत काळा धूर होता, पण श्वास घेण्याइतकी हवाही होती. जिन्यातला रंग मात्र फोड येऊन सोलला होता.

नंतर एका शनिवारी त्या गॅरेजवाल्याकडे चहा पिताना मी दाराचा विषय काढला. तो म्हणाला, पूर्वी आम्हीही काचा फोडत सुटायचो. मग 2012 साली न्यूयॉर्कजवळच्या गव्हर्नर्स आयलंडवर रिकाम्या जुन्या घरांना मुद्दाम आगी लावून मोजमापं घेतली गेली. हवा आत जायला वाट आणि तापलेला धूर बाहेर पडायला वाट, अशा दोन तोंडांमध्ये जो सापडतो तो मेला. दार उघडणं म्हणजे भात्याने फुंकणं. शिवाय हल्ली घरात फोम आणि प्लॅस्टिकच जास्त. लाकूड-कापसाचं जुनं सामान भरलेली खोली पूर्ण पेटायला अर्धा तास लागतो. नव्या सामानाची चार मिनिटांच्या आत पेटते.

हे सांगितलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. कारण आमच्या गावातली ती आग तिथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिली होती. मी तेव्हा नववीत. शेजारच्या गल्लीत मागच्या खोलीत कापूस भरलेला, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. धूर निघतोय एवढंच दिसत होतं. तालुक्याहून बंब यायला वेळ होता. कळशा, ओली पोती, फवारणीचा टँकर, जे होतं ते घेऊन गाव धावलं. बैल आधी सोडले, सिलिंडर उचलून बाहेर फेकलं. ही दोन्ही कामं मला आजही बरोबर वाटतात. मग कापूस वाचवायचा म्हणून मागचं दार तोडलं. पुढचं उघडंच होतं.

"दार मीच तोडलं होतं," आप्पा म्हणाले. "वारं आलं तसा भडका पुढच्या दारातून ओट्यावर आला." आणि वांग्याची देठं जाळात टाकत बसले.

तिकडचं सगळं इथे चालेल असं मी म्हणत नाही. आपलं धाब्याचं घर मातीचं. वरची माती जळत नाही, पण खालचे लाकडी सरे जळाले की ते सगळं वजन डोक्यावर येतं. अशा घरात उशिरा शिरूच नये. कापसाचीही तऱ्हा निराळी. वरून पाणी मारून तो विझला असं वाटतं, आणि आत दोन-दोन दिवस धुमसतो. ढीग उपसूनच विझवावा लागतो. हायड्रंट तर सोडाच. पण बापूच्या नव्या स्लॅबच्या घरात फोमचा सोफा, पीव्हीसीचं छत आणि पॉलिस्टरचे पडदे आहेत. ते घर माझ्या शेजाऱ्याच्या घराइतकंच झटकन पेटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूने मला पुढच्या खोलीत नेलं. छतापर्यंत कापूस, वर्षभराचा. त्याला लागून इन्व्हर्टर, त्यावर तीन मोबाइल चार्जिंगला, आणि वायर कापसाखालून गेलेली. दुपारपर्यंत खपून आम्ही इन्व्हर्टर ओट्याच्या कोनाड्यात हलवला. आता वायर टीव्हीपर्यंत पुरत नाही, आणि काकू कालपासून माझ्याशी बोलत नाहीत.